आत्याच्या पुस्तकाची किंमत

माझी आत्या एकतीस वर्षं गाडी शिकवत होती. गाडी शिकवणारे पुष्कळ असतात, पण आत्याचं गिऱ्हाईक वेगळं होतं. दुसरीकडे कुठेतरी शिकलेली, परवानासुद्धा मिळालेली, पण किल्ली हातात घेतली की घाम फुटणारी माणसं तिच्याकडे यायची. त्यात बायका जास्त. पुरुषही असत, पण ते "बायकोला शिकवायचंय" असं सांगून येत आणि दुसऱ्या दिवशी एकटेच हजर होत.

तिची शिकवणीची गाडी पांढरी, बुटकी, आणि तिच्या बाजूलाही एक ब्रेक असलेली होती. तो ब्रेक ती क्वचितच दाबायची. "मी दाबला की त्याचं शिकणं तिथेच थांबलं," असं म्हणायची. फी तासावर. एका तासाचे दोनशे, त्यात घासाघीस नाही. समोरच्याने तासभर नुसतं रडून घेतलं तरी दोनशे. आत्याच्या मते रडणं हाही धड्याचाच भाग होता.

आत्या राहायची आमच्याच घराच्या वरच्या खोलीत. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. खाली आम्ही तिघं: बाबा, आई आणि मी. मी एका कंपनीत हिशेब बघते. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं त्यात माझं कोणी ऐकलं नाही आणि माझे आकडे मात्र सगळे बरोबर होते.

पुस्तक लिहायचं तिच्या डोक्यात कधी आलं माहीत नाही. एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं, "पुस्तक झालंय माझं." आम्हाला वाटलं, वाचून झालंय. तिने दोन वर्षं सकाळी शिकवणीला जायच्या आधी बसून ते लिहिलं होतं आणि आम्हाला ताकास तूर लागू दिली नव्हती. विषय एकच, गाडीची भीती. इंजिन, गिअर, नियम वगैरे नावापुरते. बाकी सगळं भीतीवर: ती पोटात सुरू होते की हातात, मागच्या गाडीने हॉर्न वाजवला की काय होतं, चढावर गाडी मागे सरकली की माणूस डोळे का मिटतो. आई म्हणाली, "वन्सं, ज्यांना भीती वाटते ते पुस्तक वाचून कशाला आणखी घाबरतील?" आत्याने भाजी पुढे सरकवली.

आईलाही एकेकाळी आत्याने शिकवायला घेतलं होतं. मी शाळेत होते तेव्हा. चौथ्या-पाचव्या दिवशी मोठ्या चौकात गाडी बंद पडली, चहूबाजूंनी हॉर्न सुरू झाले, आणि आईने शांतपणे दार उघडलं, खाली उतरली आणि चालत घरी आली. गाडी आणि आत्या चौकातच. घरी येऊन तिने कणीक मळायला घेतली. पुढे बाबा पाहुण्यांसमोर हा किस्सा रंगवून सांगायचे आणि आईसुद्धा हसायची. त्यानंतर ती गाडीत नेहमी मागच्या सीटवर बसली.

पुस्तक छापायचं तर आधी खर्च कळायला हवा, म्हणून आत्या मला छापखान्यात घेऊन गेली. छापखानेवाला सावकाश बोलणारा माणूस होता. कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी तो प्रत्येक वेळी चष्मा पुसायचा. त्याने हस्तलिखित चाळलं आणि विचारलं, "पानं किती होतील?"

"एकशे एक्क्याऐंशी," आत्या म्हणाली. तिने कोणाकडून तरी मोजून घेतली होती.

"एकशे शहात्तर करा."

"का?"

त्याने एक मोठा कागद काढला आणि दुमडत गेला. एकदा, दोनदा, तीनदा. सोळा पानांची छोटी गठडी तयार झाली. "हा एक फर्मा. पुस्तक असं सोळा-सोळाच्या गठड्यांनी बनतं. एकशे शहात्तर म्हणजे अकरा फर्मे पुरे. तुमची पाच पानं वर गेली तर मला बारावा फर्मा लावावा लागेल, कागद लागेल, बाइंडिंग वाढेल. पाच पानांसाठी पैसे सोळांचे. बाकीची अकरा कोरी."

पाच पानं कुठून कापायची यावर घरी आठवडाभर खल झाला. शेवटी आत्याने प्रस्तावना कापली. ती एका मोठ्या माणसाकडून मागून आणली होती आणि त्यात तो माणूस स्वतःबद्दलच बोलला होता. मनोगतही गेलं, ऋणनिर्देशही गेला. "मी कोणाचं ऋण घेतलेलं नाही," म्हणाली. एवढा एक निर्णय मला मनापासून पटला.

मग खरा मुद्दा आला, किती प्रती? छापखानेवाल्याने तीन आकडे लिहून दिले. दोनशे छापल्या तर एक प्रत एकशे तीसला पडणार. पाचशे छापल्या तर चौऱ्याऐंशीला. हजार छापल्या तर अडुसष्टला.

"असं कसं?" आत्याने विचारलं. "कागद तोच, शाई तीच."

"बाई, पहिली प्रत निघायच्या आधीच निम्मी मेहनत झालेली असते. पानं लावायची, कव्हर करायचं, प्लेटा काढायच्या, मशीन जुळवायचं. तो खर्च दोनशे प्रतींवर वाटला की प्रत महाग, हजारांवर वाटला की स्वस्त. पण लक्षात ठेवा, प्रत स्वस्त होते, बिल मोठं होतं."

ते शेवटचं वाक्य तो जरा ठासून बोलला. मला ऐकू आलं. आत्याला अडुसष्टच ऐकू आले.

"आणि किंमत?" मी विचारलं.

"साधारण छपाईच्या चौपट ठेवतात. दुकानदार चाळीस टक्के घेतो, कधी पंचेचाळीस. काही प्रती फुकट वाटल्या जातात, काही खराब होतात. मागे काही उरायला हवं ना."

"दोनशे," आत्या म्हणाली.

त्याने चष्मा पुसला. "हजार छापल्या तरी चौपट म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास जातं, बाई."

"माझ्याबरोबर बसायला एका तासाला दोनशे पडतात. माझ्या पुस्तकाबरोबर बसायला त्याहून जास्त कसे पडतील?"

किंमत दोनशेच ठरली. मी घरी येऊन तिला पूर्ण हिशेब मांडून दाखवला. दोनशेची किंमत, दुकानदाराचे ऐंशी वजा, हातात एकशे वीस. दोनशे प्रती छापल्या तर प्रत्येक विकलेल्या पुस्तकामागे दहा पदरचे जाणार, म्हणजे सरळ आतबट्ट्याचा व्यवहार. पाचशे छापल्या तर साडेतीनशे विकून पैसे वसूल. हजार छापल्या तर अडुसष्ट हजार एकदम बाहेर जाणार आणि साडेपाचशेच्या वर प्रती विकेपर्यंत ती तोट्यातच राहणार. "पाचशे छाप," मी म्हणाले. "संपल्या तर पुन्हा छापता येतील."

"पाचशेत प्रत चौऱ्याऐंशीला. हजारात अडुसष्टला. सोळा कशाला जाऊ देऊ?"

"अगं, न विकलेली प्रत स्वस्त कशी? ती पूर्ण फुकट गेली."

"न विकलेली कशाला राहील?"

हे अडुसष्ट हजार कुठून आले, ते सांगायला हवं. पांढरी गाडी म्हातारी झाली होती. वर्षअखेरीस तिची तपासणी होती आणि तपासणारा माणूस आत्याला आधीच म्हणाला होता, यंदा ढकललं, पुढच्या वेळी नाही. नवी घेण्यासाठी आत्याने पैसे बाजूला टाकले होते, त्यातलेच हे काढले. वर्षभरात पुस्तक विकून ते परत आले तर नवी गाडी. नाही आले तर शिकवणी बंद. ती हे असं कधी बोलली नाही. पण घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि बाबांनी मदत देऊ केली तेव्हा ती त्यांच्यावर अशी बिथरली की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

हजार प्रती आल्या. तपकिरी कागदात बांधलेले गठ्ठे तिच्या पलंगाखाली, कपाटावर, जिन्यात. तिच्या खोलीत नव्या कागदाचा आणि डिंकाचा वास भरून राहिला. पुस्तक दिसायला छान होतं, ते मला मान्य करावंच लागलं. कव्हरवर फक्त एक स्टिअरिंग आणि त्यावर दोन हात.

मी यादी करून दिली. एकतीस वर्षांत तिने ज्यांना शिकवलं ती माणसं. ती सगळी अजून तिला जीव लावत होती, लग्नांना बोलवत होती, रस्त्यात गाडी थांबवून हाक मारत होती. त्यांनी प्रत्येकी एक प्रत घेतली असती तरी गाडीचं चाक फिरलं असतं. आणि त्यातले पुष्कळजण आलेही. पहिल्याच आठवड्यात एक डॉक्टरीणबाई आल्या, पाकीट उघडून म्हणाल्या, "मला पाच द्या."

"तुम्हाला कशाला? तुम्हाला येतंय की."

"अहो, आठवण म्हणून."

"आठवण म्हणून ठेवायला हे काय छायाचित्र आहे? घाबरणाऱ्या माणसासाठी आहे ते. कोणी घाबरणारं आहे का तुमच्याकडे?"

बाई विचारात पडल्या. त्यांच्याकडे कोणी नव्हतं. त्या चहा पिऊन, पाकीट बंद करून गेल्या. मी जिन्यात उभी राहून हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. असं तिने किती जणांना परत पाठवलं त्याचा मी हिशेब ठेवला नाही, ठेवला असता तर मला ताप आला असता. ज्यांना पुस्तक घ्यायचं होतं त्यांना गाडी येत होती. ज्यांना गाडी येत नव्हती ते लाजेने विचारत नव्हते. जगात दुसऱ्या कुठल्या लेखकाने आपलं सगळं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने दारातून परत पाठवलं असेल, असं मला वाटत नाही.

उरलं दुकान. बाजारपेठेतल्या पुस्तकाच्या दुकानात शंभर प्रती ठेवल्या होत्या. दुकानदार बोलका होता. "तुमच्या आत्याचं पुस्तक मागणारा मला लांबूनच ओळखू येतो," तो मला म्हणाला. "आधी दुसरंच काहीतरी उचलतो. स्वयंपाकाचं, बागेचं. मग हे त्याच्याखाली दडवून काउंटरवर ठेवतो." अशा दडवादडवीत पहिल्या शंभर गेल्या, मग आणखी शंभर. मी जरा सुखावले. हिशेब माझ्या अंदाजाच्या जवळ येत होता.

आणि मग थांबलाच. मागणी होती, विक्री नव्हती. मी दुकानात गेले तर दुकानदाराने काउंटरखालून दोन पुस्तकं काढली. पानं मळलेली, कोपरे दुमडलेले. "लोक परत आणून देतात," तो म्हणाला. "म्हणतात, आता मला येतं, दुसऱ्या कोणाला द्या. आणि जो मागायला येतो तो विचारतो, परत आलेली आहे का एखादी? मी काय करू? देतो. त्यावर मला तरी काय मिळतं?"

"पण परत का देतात?"

त्याने शेवटचं पान उघडून दाखवलं. तळाशी, शेवटच्या ओळीत, आत्याने लिहिलं होतं: "तुम्हाला गाडी येऊ लागली की या पुस्तकाचा तुम्हाला उपयोग संपला. घाबरणाऱ्या दुसऱ्या माणसाला ते द्या."

मी घरी येऊन तिच्यावर ओरडले. अक्षरशः ओरडले. पान, कागद, फर्मा, कमिशन, सगळ्याचा विचार केला आणि या एका ओळीने प्रत्येक प्रत पाच जणांना फुकट वाचायला लावली! "हे वाक्य तुला कोणी लिहायला सांगितलं?"

"खरं आहे म्हणून लिहिलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. मला तेव्हा तिचा राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. ते मी बोलले नाही.

वर्षअखेरीस तीनशे दहा प्रती गेल्या होत्या. तपासणी करणाऱ्याने पांढऱ्या गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि मान हलवली. आत्याने ती गाडी भंगारवाल्याला दिली. भंगारवाला गाडी ओढून नेत असताना ती बाहेर आली नाही. वरच्या खोलीत गठ्ठे नीट रचत होती.

त्यानंतर आठ-दहा दिवस ती वरच राहिली. जेवायला खाली यायची, बोलायची, हसायचीसुद्धा, पण तिला काही काम उरलं नव्हतं आणि ते बघवत नव्हतं. मग एका दुपारी आई वर गेली. मी गठ्ठ्यांतून कुठले कोणाला पाठवता येतील ते बघत तिथेच बसले होते. आईच्या हातात पुस्तक होतं, आणि त्यावर बाजारातल्या दुकानाचा शिक्का होता. वर सहाशेच्या वर प्रती पडलेल्या असताना आईने दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजून घेतलं होतं, कोणाला कळू नये म्हणून.

"वन्सं," आई म्हणाली, "नवव्या प्रकरणातली चौकातून निघून गेलेली बाई मीच ना?"

"हो."

"लिहिलंय, ती घाबरट नव्हती."

"नव्हतीच. मी तिला चौकात न्यायची घाई केली. चौथ्या दिवशी कोणाला चौकात नेतात का? माझं चुकलं वहिनी. बावीस वर्षं ते डोक्यात आहे."

आई पलंगाच्या कडेला बसली. पुस्तक मांडीवर ठेवलं. "मग मला पुन्हा शिकवा ना."

 मलाच राहवलं नाही. "आई, अगं गाडी गेली. आत्ता कशी शिकवणार?"

 आत्या आईकडे नीट बघत होती. घाबरणाऱ्या माणसांकडे ती एकतीस वर्षं असंच बघत आली होती.

"वहिनी," आत्या म्हणाली, "गाडी नाही म्हणूनच विचारलंत ना?"

आईचा चेहरा लाल झाला. मग ती हसली, अगदी पकडल्यासारखी. "गाडी होती तेव्हा धीरच झाला नाही हो."

"उद्या सकाळी सात वाजता. दादाची गाडी आहे की खाली."

"त्यात तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

"मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सात वाजता आई बाबांच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसली. मी खिडकीतून बघत होते. तासभर ती नुसती बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. आत्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. तास झाल्यावर दोघी उतरल्या. आत्याने पूर्ण दोनशे मागितले, आणि आईने पदरमोड करून मोजून दिले. बाबा म्हणाले, घरातल्या घरात फी कसली? दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपर घेऊन बाल्कनीत गेले.

मग रोज सातला. आधी फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग मागच्या मोकळ्या रस्त्याला. चौक मात्र आत्याने महिनाभर टाळला. आई तिची शेवटचीच विद्यार्थिनी. पुढे कोणी चौकशीला आलं तर आत्या सांगायची, आता शिकवत नाही, आणि आतून पुस्तक आणून त्यांच्या हातात द्यायची, दोनशे घेऊन.

परवा रविवारी मी उशिरा उठले. खिडकीतून पाहिलं तर बाबांची गाडी जागेवर नव्हती. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दोघी आज लवकरच गेलेल्या दिसतात."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं म्हणून मी आत गेले. आत्या गॅससमोर उभी होती. हातात चिमटा, कान रस्त्याकडे. चहा उतू जाऊन शेगडीवर पसरला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"एकटीच गेलीय," ती म्हणाली. "चौकातून."